उसनी जागा: भिडे वाडा, फुले वाडा आणि हिंगण्याची झोपडी

पावसाचं आणि पेठेत गाडी लावायला जागा शोधण्याचं, अशी दोन्ही दिव्यं करून आपण आलात, त्याबद्दल आधी आभार मानते. पत्रिकेवर विषय छापलाय 'पुण्यातील ऐतिहासिक वास्तू आणि आपण'. एवढ्या मोठ्या विषयावर तासाभरात बोलायचं म्हणजे पीएमटीच्या खिडकीतून पुणे दर्शन झालं. (हशा) म्हणून मी तो आवळून घेतलाय. शनिवारवाडा नाही, लाल महाल नाही. मला तीन जागांबद्दल बोलायचंय. बुधवार पेठेतला भिडे वाडा, गंज पेठेतला फुले वाडा, म्हणजे आजची समता भूमी, आणि कर्वेनगरात संस्थेच्या आवारात जपून ठेवलेली हिंगण्याची पहिली झोपडी. पहिला आता उभा नाही. दुसरा दुरुस्त होऊन उभा आहे. तिसरी जपलेली आहे. मुलींनी शिकावं हे या शहरात ज्या छपरांखाली ठरलं, त्यांतली ही तीन छपरं.

एक कबुली आधीच देते. मी वास्तुविशारद नाही. आयुष्यभर मराठी शिकवलं. त्यामुळे कुठल्याही जुन्या घरात गेले की मी तुळया बघण्याआधी पाटी वाचते. आणि आमच्याकडच्या पाट्या वाचून माझी एक तक्रार तयार झालीय. या पाट्यांमध्ये घराला एकच माणूस असतो. अमुक महापुरुषांचे निवासस्थान, तमुक महापुरुषांनी येथे कार्य केले. ते घर कुणाचं होतं, दिलं कुणी, कुठल्या अटीवर दिलं, आणि त्या घरात कुणाला राहता आलं नाही, हे पाटीवर नसतं. माझ्या मते या तिन्ही जागांचा खरा इतिहास नेमका तिथेच आहे. कारण यांतल्या दोन जागा उसन्या होत्या. तिसरी स्वतःची होती, पण तिच्या मालकाने ती दुसऱ्यांना वापरायला दिली.

थोडं लांब जाऊन येते. अमेरिकेत गावोगावी 'पायोनियर'चं घर जपलेलं असतं. वस्ती करायला आलेल्या पहिल्या कुटुंबाचं लाकडी ओंडक्यांचं घर. त्या घरामागची गोष्ट ठरलेली असते, की माणूस आला, स्वतःच्या हाताने झाडं तोडली, स्वतःचं घर बांधलं, स्वतःची जमीन कसली. ती जमीन आधी कुणाची होती, हे त्या गोष्टीत फारसं येत नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळायची, अट एवढीच की पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. असं सांगतात की घर बारा बाय चौदा हवं, एवढंच म्हटलेलं होतं, फूट की इंच ते कुणी स्पष्ट केलं नव्हतं. तेव्हा काही चतुर मंडळींनी बारा इंच बाय चौदा इंचाचं घर करून जमिनीवर ठेवलं आणि शपथेवर सांगितलं, घर बांधलंय! (हशा) आपल्याला हे परकं वाटायला नको.

या सगळ्या घरांचा मुकुटमणी म्हणजे केंटकीमधल्या हॉजेनव्हिलचं लिंकनचं जन्मघर. लिंकन जन्मला १८०९ मध्ये. तिथे आज ग्रॅनाइट आणि संगमरवराचं एक ग्रीक देवालय उभं आहे, १९११ मध्ये पुरं झालेलं. छप्पन्न पायऱ्या, कारण लिंकन छप्पन्न वर्षं जगला. आणि त्या देवालयाच्या गाभाऱ्यात ओंडक्यांची एक झोपडी. भोवती फिरायला वाट राहावी म्हणून झोपडी थोडी लहान करून बसवली आहे. देऊळ मोठं झालं आणि देव तासून बसवला. त्याआधी ते ओंडके गाडीत घालून प्रदर्शनांतून फिरवले होते. वाटेत जेफरसन डेव्हिसच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या झोपडीच्या ओंडक्यांशी त्यांची सरमिसळही झाली. डेव्हिस म्हणजे यादवी युद्धातला समोरच्या पक्षाचा अध्यक्ष. आणि २००४ मध्ये लाकडाची वलयं मोजून पाहिली, तर सगळ्यांत जुना ओंडका निघाला १८४८ चा. लिंकन तेव्हा चाळिशीला आला होता.

यात मला आवडलेली गोष्ट अशी, की तिथल्या सरकारी उद्यान खात्याने झोपडी काढून टाकली नाही आणि खोटंही रेटलं नाही. तिला आता 'प्रतीकात्मक' जन्मघर म्हणतात. पाटी बदलायला धाडस लागतं, ते त्यांनी केलं.

१८४८. याच सालाशी आपल्याला पुण्यात यायचंय.

भिडे वाडा. दगडूशेठ गणपतीच्या समोर. आपल्यातल्या बहुतेकांनी तो पाहिलाय, पण पाहिलाय म्हणजे काय, खालची दुकानं पाहिलीत. मान वर करून पडका मजला किती जणांनी पाहिला असेल, देव जाणे. मीसुद्धा अनेक वर्षं त्याच्याखालून गेले आणि गणपतीला नमस्कार करण्यासाठी वाड्याकडे पाठ केली. १८४८ मध्ये ज्योतिराव एकवीस वर्षांचे होते, सावित्रीबाई सतरा. त्या वयाच्या जोडप्याकडे शाळेसाठी वाडा कुठून असणार? जागा दिली तात्यासाहेब भिडे यांनी. बुधवार पेठेत, ब्राह्मण वस्तीच्या ऐन मध्यावर, एका ब्राह्मण गृहस्थाने माळी जातीच्या तरुणाला मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली. सावित्रीबाईंवर वाटेत शेण आणि चिखल टाकला जायचा, ही हकिकत आपण सगळे सांगतो, शाळेतल्या नाटकांत तो प्रसंग असतोच. पण ती रस्त्यावरची गोष्ट आहे. शेण रस्त्यावर पडत होतं, आणि वाड्याच्या आत मुली शिकत होत्या. त्या दाराच्या आतली जागा देणाऱ्यालाही गावात राहायचं होतं. आल्यागेल्याला तोंड द्यायचं होतं. भिड्यांना काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करायला पेठेत वाढलेल्या माणसाला फार कष्ट पडू नयेत.

शाळेची तारीख कुठली, यावर वाद आहे. १ जानेवारी १८४८ आपल्या तोंडात बसलीय. अभ्यासकांनी त्याच वर्षातल्या नंतरच्या महिन्यांकडेही बोट दाखवलंय. गंमत म्हणजे १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात ज्योतिरावांनी स्वतः अंदाजाने जे साल सांगितलंय, ते याहूनही पुढचं आहे. तीस-पस्तीस वर्षांनी आठवून सांगितलेलं साल, चुकणारच. पण मला विचाराल तर ही अनिश्चितता स्मारकात असायला हवी. मुलांना कळू दे की इतिहास असा हाती येतो. आम्ही काय करतो, तारीख घट्ट करतो आणि वाडा सैल सोडतो.

ती पहिली शाळा फार दिवस चालली नाही. पण पुढे बघा. ३ जुलै १८५१, चिपळूणकर वाडा, पुन्हा बुधवार पेठ, पुन्हा दुसऱ्याचा वाडा. मग त्याच वर्षी रास्ता पेठ, आणि १८५२ मध्ये वेताळ पेठ. वडिलांच्या घरातून बाहेर पडावं लागल्यावर दोघांना आसरा मिळाला तो उस्मान शेख यांच्याकडे, असं सांगितलं जातं. फातिमा शेख याच घरातल्या. म्हणजे शाळा दुसऱ्याच्या वाड्यात, संसार दुसऱ्याच्या घरात. या शहरातल्या मुलींच्या शिक्षणाचा नकाशा काढायचा तर तो उसन्या खोल्यांचा नकाशा होईल. मला असा एक नकाशा भिंतीवर पाहायला फार आवडेल. त्यावर भिडे, चिपळूणकर, शेख ही नावं एका ओळीत असतील. आज अशी ओळ आपल्याला इतर कुठे वाचायला मिळते?

आणि १६ नोव्हेंबर १८५२ ला ज्योतिरावांचा सरकारी सत्कार कुठे झाला? विश्रामबाग वाड्यात. मेजर कँडी यांच्या हातून. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला तो वाडा आजही उभा आहे, सागवानी सुरूदार खांबांसकट. त्याची डागडुजी झाली, त्याला वाली मिळाला. सत्काराची जागा टिकली, कामाची जागा गेली. मी हे कुणावर आरोप म्हणून सांगत नाही. पेशव्याने घडवलेलं लाकूड टिकतंच. पण कुठली घरं आपोआप टिकतात आणि कुठली मुद्दाम जपावी लागतात, हे यातून कळतं.

भिडे वाड्याचं पुढे काय झालं ते ताजंच आहे. स्मारक व्हावं ही मागणी जुनी, वाड्यातल्या भाडेकरू दुकानदारांचा विरोधही जुना. प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते संपलं, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला एका रात्रीत वाडा पाडला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये स्मारकाची कोनशिला बसली. दुकानदारांबद्दल तुच्छतेने बोलण्याची एक पद्धत पडलीय, ती मला आवडत नाही. तिथे त्यांचा धंदा होता, दोन-दोन पिढ्यांचा. स्मारकाच्या आड आलेली माणसं म्हणून त्यांना उभं करणं सोपं आहे. पण वाडा इतकी वर्षं पडला नाही, यात त्यांच्या रोजच्या वावराचाही वाटा असणार. माणसांचं येणं-जाणं बंद झालेला वाडा किती पावसाळे काढतो हे पेठेतल्या कुणालाही विचारा.

वाडा पाडायलाच नको होता, असंही मी म्हणणार नाही. तो धोकादायक झाला होता. त्यातलं १८४८ चं किती उरलं होतं हा प्रश्न लिंकनच्या ओंडक्यांसारखाच आहे. माझी टीका वेगळी आहे. स्मारक उभारणं म्हणजे पाडणं आणि नवं, उंच, चकचकीत बांधणं, असं समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की मधला कुठलाच पर्याय सुचत नाही. जी जागा एका खोलीएवढी होती, ती खोलीएवढी दिसली तर आपल्याला कमीपणा वाटतो. आपल्यालाही छप्पन्न पायऱ्या हव्या असतात.

आता गंज पेठेत येऊ. फुले वाडा ही स्वतःची वास्तू. आणि म्हणून तिथे गोष्ट उलटी फिरते. ज्याने दुसऱ्याच्या घरात शाळा चालवली, त्याने स्वतःचं घर दुसऱ्यांना मोकळं केलं. १८६३ मध्ये या दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. तिथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला दोघांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हौद खुला केला, हे वाक्य आपण पाठ म्हणतो. पण दुपारच्या वेळी कल्पना करा, की घरातली बाई स्वयंपाक करतेय आणि अंगणात अनोळखी माणसं घागरी घेऊन येतायत, रोज. शेजारी बघतायत, रोज. सावित्रीबाईंचं योगदान शाळेपाशी सुरू होऊन शाळेपाशी संपतं, असं आपण लिहितो. घर खुलं ठेवण्याचं काम कुणी केलं असेल?

तिथलं तुळशी वृंदावन तुम्ही पाहिलं असेल. ज्योतिरावांच्या अस्थी तिथे आहेत. मी वर्गातल्या मुलींना एकदा घेऊन गेले होते, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, कर्मकांडाला विरोध करणाऱ्यांची समाधी तुळशी वृंदावन कशी?" प्रश्न चोख होता. १८८७ च्या मृत्युपत्रात ज्योतिरावांनी आपला देह मिठात घालून पुरावा असं लिहून ठेवलं होतं. घराच्या आवारात, वस्तीत, पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. १८९० मध्ये दहन झालं, अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं, आणि अस्थी घरी आणल्या गेल्या. म्हणजे या माणसाला मरणानंतर स्वतःच्या अंगणातही स्वतःच्या इच्छेने जागा मिळाली नाही. हे तिथे, त्या वृंदावनासमोर उभं राहून ऐकलं पाहिजे. भिंतीवरच्या जीवनचित्रांपेक्षा ही एक हकिकत त्या घराबद्दल जास्त सांगते.

आता हिंगणं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी आजी हिंगण्याला शिकली. तिच्या तोंडी हिंगणं हे गावाचं नाव नव्हतंच, ते पदवीचं नाव होतं. "ती हिंगण्याची आहे" म्हणजे तिला हिशेब येतो, पत्र येतं, आणि ती कुणाला घाबरत नाही.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे आनंदीबाईंशी, लग्न केलं. दोघांचं दुसरं लग्न, त्या विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनी. मुरूडला, कर्व्यांच्या गावी, बहिष्कार पडला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, प्लेगचे दिवस आले, आणि १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्याला गेला. जमीन दिली रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी, सहा एकर, आणि बांधकामाला साडेसातशे रुपये. त्या जमिनीवर ही झोपडी. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवायचे, संध्याकाळी चिखल तुडवत, आश्रमाचं सामान घेऊन हिंगण्याला चालत जायचे, तिथे शिकवायचे, सकाळी परत. आज त्याच आवारात १९९१ पासून मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्या इमारतींच्या सावलीत झोपडी पाहिली की पहिल्यांदा तिचं लहानपणच डोळ्यांत भरतं. ते लहानच ठेवलं, याबद्दल मी मनापासून धन्यवाद देईन. अशी वास्तू सव्वाशे वर्षं टिकवायची तर काही ना काही बदलावं लागतं, त्यात गैर नाही. तिच्यावर देऊळ बांधलं नाही, हे मोठं काम झालं.

पण ही 'कर्व्यांची झोपडी' म्हणताना एक गोष्ट आपण गिळून टाकतो. आनंदीबाई सुरुवातीला त्या झोपडीत राहू शकल्या नाहीत. त्या मुलांना घेऊन पुण्यात. कारण साधं आणि भयंकर आहे. आश्रमात पुनर्विवाहित बाई राहते म्हटल्यावर कुठला बाप आपली विधवा मुलगी तिथे पाठवणार? लोकांना वाटेल, इथे मुलींची लग्नं लावतात. विधवाविवाहाचं काम आणि विधवांच्या शिक्षणाचं काम कर्व्यांनी जाणूनबुजून वेगळं ठेवलं होतं. म्हणजे विधवांसाठी बांधलेल्या झोपडीत कर्व्यांच्या आधी विधवा असलेल्या पत्नीला जागा नव्हती. आश्रम सुरुवातीला प्रामुख्याने ब्राह्मण विधवांचा होता, हीही त्याच हिशेबातली गोष्ट.

उसन्या जागेला अटी असतात, त्या अशा. गोखल्यांनी जमीन दिली, तिच्यावर त्यांची अट नसेलही. पण अण्णांनी समाजाकडून मुली उसन्या मागितल्या होत्या, आणि समाजाची अट होती. हा निर्णय मला पटत नाही. तो घेतला नसता तर आश्रम वर्षभरही चालला नसता, हेही कळतं. दोन्ही एकदम वाटतं. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या, पुनर्विवाह केलेला नव्हता. त्यांना आश्रमात जागा मिळाली, पुढे त्या आश्रमासाठी निधी गोळा करत हिंडल्या, पार अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. दोन सख्ख्या बहिणी, एक झोपडीच्या आत, एक बाहेर. आनंदीबाईंचं 'माझे पुराण' आणि पार्वतीबाईंची 'माझी कहाणी' शेजारी ठेवून वाचा, ही झोपडी तुम्हाला तिच्या चारही बाजूंनी दिसेल. वसंत कानेटकरांनी १९७२ मध्ये 'हिमालयाची सावली' लिहिलं, नावं बदलून, पण घरातल्या बाईच्या बाजूने. नाटकाला जे दिसलं ते स्मारकांना अजून दिसायचंय. माझं मागणं फार नाही. झोपडीशेजारी एक ओळ असावी, की आनंदीबाई कर्वे इथे राहिल्या नाहीत, आणि का.

वेळ संपत आलीय, आयोजक घड्याळ दाखवतायत. एक चिठ्ठी आलीय, ती घेते. "टीका ठीक, पण भिडे वाड्याच्या जागी तुम्ही काय बांधलं असतं?"

रास्त प्रश्न आहे. मी आधी तळमजल्यावर एक खोली ठेवली असती, जुन्या खोलीच्या मापाची. पुतळा बाहेर, खोलीत फक्त बसायची जागा आणि फळा. सकाळी तिथे खरा वर्ग भरला असता, पेठेतल्या घरकाम करणाऱ्या बायकांचा, बुधवार पेठेतल्याच ज्या वस्तीबद्दल आपण सभेत बोलत नाही तिथल्या मुलींचा. दुपारी शाळांच्या सहली. एका भिंतीवर पाडलेल्या वाड्याचा नकाशा आणि फोटो, दुकानांसकट, दुकानांच्या पाट्यांसकट. दुसऱ्या भिंतीवर उसन्या खोल्यांचा तो नकाशा. आणि तारखेच्या पाटीवर 'या तारखेबद्दल मतभेद आहेत' असं मराठीत, मोठ्या अक्षरात. वरचे मजले काय हवे ते करा. गणपतीच्या दिवसांत त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा खोलीचं दार उघडं ठेवायचं की बंद, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.